नक्षीदार कापडाचे छायाचित्रण

पडदे, सोफ्याची आवरणे, भिंतीवरील कागद इत्यादींसाठी वापरल्या जाणाऱ्या नक्षीदार साहित्याची मांडणी करून त्याची छायाचित्रे काढणे ही वस्तुछायाचित्रणाची एक शाखा होय. दूरचा ग्राहक कापड हाताळू शकत नाही. त्यामुळे पोत, रंग आणि नक्षीचे आकारमान छायाचित्रातूनच समजावे लागते. त्यात चूक झाल्यास माल परत येतो.

भिवंडीचे कोरे कापड

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे मोठे केंद्र आहे. तेथे विणले जाणारे बरेचसे कापड कोरे, व्यापारी भाषेत ‘ग्रे’, असते. रंगाई व छपाई नंतर प्रक्रिया कारखान्यांत होते. अशा कोऱ्या कापडाच्या छायाचित्रात रंगाचा आधार नसतो, वीण हीच नक्षी ठरते. डॉबी मागावर ताण्याचे धागे गटाने उचलले जातात, म्हणून लहान भौमितिक आकृत्या निघतात. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार याने १८०४ च्या सुमारास विकसित केलेल्या जॅकार्ड यंत्रणेत धागे स्वतंत्रपणे उचलता येत असल्याने मोठी वेलबुट्टी विणता येते. समोरून सपाट प्रकाश टाकला तर हे दोन्ही प्रकार जवळजवळ नाहीसे होतात. दिवा एका बाजूला, कापडाच्या पातळीशी लहान कोन करून ठेवल्यास प्रत्येक उठावाची सावली पडते आणि वीण वाचता येते. मात्र याच प्रकाशात चुणीही ठळक दिसतात, त्यामुळे आधी इस्त्री आवश्यक असते. छापील कापडाला उलट सम प्रकाश मानवतो.

म्वारे

बारीक चौकडीच्या चित्रात कधी कधी कापडावर नसलेल्या इंद्रधनुषी लाटा दिसतात. धाग्यांच्या आवर्तनाचे अंतर संवेदकावरील बिंदूंच्या जाळीच्या अंतराच्या जवळपास आले की ही म्वारे आकृती उद्भवते. कॅमेऱ्याचे अंतर बदलणे किंवा तो किंचित फिरवणे हा सोपा उपाय आहे; चित्र काढल्यानंतर हा दोष पूर्णपणे घालवणे अवघड असते.

रंग व आकारमान

खिडकीतील उजेड आणि पिवळा दिवा एकत्र वापरू नये. रंगसंतुलनासाठी करड्या रंगाचे प्रमाणित कार्ड चौकटीत धरतात. मखमलीची लव ज्या दिशेला झुकते त्यानुसार तिची छटा बदलते.

नक्षीची एक आवृत्ती पूर्ण दिसणे महत्त्वाचे. पडदा रुंदीच्या सुमारे दुप्पट कापडाच्या चुण्या घालून शिवला जातो, तेव्हा निम्मी नक्षी घड्यांत जाते. म्हणून सपाट तागा आणि टांगलेला पडदा अशी दोन्ही चित्रे देणे इष्ट. ओळखीची एखादी वस्तू, जसे खुर्ची, शेजारी असल्यास फुलाचा आकार मोजपट्टीविनाही कळतो.