हनुवटीला न लागणारा वारा

गणपतीपुळ्याला देवळामागच्या डोंगराची प्रदक्षिणा घालताना समुद्राचा खारा वारा तोंडावर येतो. खालच्या जबड्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्या अनेकांना तो कपाळावर, गालांवर लागतो. खालच्या ओठाला आणि हनुवटीला मात्र त्याचा पत्ताच नसतो. जेवताना सोलकढी ओघळली तरी समोरच्याने सांगेपर्यंत कळत नाही. वाफाळत्या मोदकाचा चटका समजतो तो फोड आल्यावर.

दाढ काढताना इंजेक्शनाने ओठ जड होतो, तो जडपणा काही तासांत उतरतो. शस्त्रक्रियेनंतरचा हा बधिरपणा आठवडे, महिने राहतो. खालच्या जबड्याच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक बोगदा असतो. ओठ, हनुवटी आणि खालच्या दातांची संवेदना मेंदूकडे नेणारा चेतातंतू त्यातून जातो. पुढे आलेला किंवा मागे राहिलेला जबडा जागेवर आणायचा तर हाड नेमके त्या बोगद्यालगतच उभे चिरावे लागते. ट्राउनर आणि ओब्वेगेझर यांनी १९५७ मध्ये मांडलेली ही पद्धत पुढे सुधारत गेली, पण तंतूची वाट तीच राहिली. सराईत हातांतही तो ताणला जातो, दबतो.

तोंड वाकडे होईल ही भीती मात्र बहुतेकदा अनाठायी. ओठ हलवणारा तंतू वेगळा आहे. म्हणूनच हसू आरशात नेहमीसारखे दिसते आणि घरच्यांना रुग्णाची तक्रार खरी वाटत नाही. हे मला फार लागते. न दिसणारे दुखणे एकट्याने सोसावे लागते.

दबलेला तंतू बहुधा सावरतो. आतले धागे तुटले असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. मुंग्या येणे, टोचणे ही बऱ्याचदा संवेदना परतत असल्याची खूण. सुधारणा वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ चालू राहते. काहींचा थोडा बधिरपणा कायम राहतो, आणि वय जास्त असेल तर ती शक्यता वाढते. तीन महिन्यांनीही ओठाला काहीच कळत नसेल तर थांबू नका, तज्ज्ञाला दाखवा. तोवर चहा निववून प्या, दाढी आरशात बघून करा.

संमतिपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना एवढे विचारा: माझ्या वयात, माझ्या जबड्यात हा बधिरपणा कायम राहण्याची शक्यता किती?