१४२८५७ : एका संख्येची कारणमीमांसा

मनोरंजक गणिताच्या पुस्तकांत १४२८५७ ही संख्या हमखास भेटते. तिला २ ते ६ पर्यंतच्या कोणत्याही अंकाने गुणले, तरी तेच सहा अंक त्याच चक्रक्रमाने परत येतात (दुपटीने २८५७१४, तिपटीने ४२८५७१). ७ ने गुणताच ९९९९९९ मिळते. वर्गात हा 'चमत्कार' फळ्यावर मांडला जातो. कारण मात्र बहुधा सांगायचे राहून जाते. प्रस्तुत लेखात त्या कारणाचाच विचार केला आहे.

ही संख्या म्हणजे १/७ या अपूर्णांकाच्या दशांश रूपातील आवर्ती अंकगट होय. १ ला ७ ने भागताना अनुक्रमे ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १ अशा बाक्या उरतात. ७ ने भागताना शून्येतर बाक्या सहाच संभवतात आणि येथे त्या सर्व येऊन जातात. म्हणून ३/७ चा भागाकार हा नवा भागाकार नसून १/७ चाच एक पायरी पुढून सुरू झालेला भागाकार ठरतो.

याच संख्येचा दुसरा गुणधर्म पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांच्या नावाने ओळखला जातो. १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळविणारे कापरेकर पुढे देवळालीत शाळाशिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नसलेल्या या शिक्षकाचे कार्य अनेकांनी करमणूक म्हणून बाजूला सारले. हा निवाडा कितपत योग्य होता, हे पुढील उदाहरणावरून ठरविता येईल.

१४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. उजवीकडील सहा अंक वेगळे केल्यास २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. अशा संख्येस 'कापरेकर संख्या' म्हणतात. हे का घडते? १४२८५७ ला ७ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणजेच १४२८५७ = ७ × २०४०८ + १. दोन्ही बाजूंना १४२८५७ ने गुणावे. ७ × १४२८५७ = ९९९९९९ असल्याने वर्ग = २०४०८ × ९९९९९९ + १४२८५७. आता ९९९९९९ च्या जागी १०००००० − १ लिहिले की डावीकडे २०४०८ आणि उजवीकडे १४२८५७ − २०४०८ = १२२४४९ उरतात. सारे रहस्य त्या १ या बाकीत आहे.

कापरेकरांनी वर्णिलेली 'हर्षद संख्या', म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी संख्या, हीदेखील येथे लागू पडते. तीन-तीन स्थानांच्या अंतरावरील अंकांची बेरीज ९ आहे (१+८, ४+५, २+७). म्हणून एकूण २७. ९९९९९९ ला २७ ने भाग जातो आणि ७ ने भागल्याने त्यात बाधा येत नाही. १४२८५७ = २७ × ५२९१.

२००० साली डग्लस इयानुच्ची यांनी कापरेकर संख्यांचा संबंध ९, ९९, ९९९ अशा संख्यांच्या विभाजकांशी सिद्ध केला. ९९९९९९ ला ३, ७, ११, १३ आणि ३७ असे पाच भिन्न मूळ अवयव आहेत. त्यामुळे उजवीकडे सहा अंक ठेवून मिळणाऱ्या अशा संख्या, १ आणि ९९९९९९ धरून, नेमक्या ३२ आहेत. त्यांच्या जोड्याही लागतात : १४२८५७ ची जोडीदार १०००००० − १४२८५७ = ८५७१४३. तिचा वर्ग ७३४६९४१२२४४९, आणि ७३४६९४ + १२२४४९ = ८५७१४३.