जुने मृत्युपत्र आणि लेकीचा वाटा

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बापाने मृत्युपत्र करून ट्रंकेत ठेवलेले असते. घर मुलाचे आणि मुलगी परक्या घरची, हाच तेव्हाचा समज. पुढे म्हातारपणी औषधपाणी मुलगीच पाहते. बापाचे मन बदलते, चार माणसांत तो तसे बोलूनही दाखवतो. पण कागद तसाच राहतो. बाप गेल्यावर भावाबहिणीचे बोलणे बंद होते. असे तंटे आम्ही आपल्याच वस्त्यांत पाहतो.

मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा मिळावा, यासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले. ते रखडवले गेले आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५६ चा वारसा कायदा त्याच लढ्याचे फळ. तो बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतका झाला. परंतु स्वतः कमावलेली मालमत्ता मृत्युपत्राने कोणालाही देता येते. म्हणजे कायद्याने मुलीला जे मिळाले असते, ते ट्रंकेतला जुना कागद हिरावून घेऊ शकतो!

हा कागद बदलता येतो काय? येतो. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ च्या कलम ६२ नुसार करणारा शुद्धीवर आणि समजता असेल, तोवर मृत्युपत्र केव्हाही बदलता वा रद्द करता येते. त्यासाठी मुलांची संमती लागत नाही. किरकोळ बदल असेल तर पुरवणी मृत्युपत्र करावे. वाटणीच बदलायची असेल तर नवे करावे आणि 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' असे त्यात स्पष्ट लिहावे. दोन्हींना करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्याला वाटा मिळणार, त्याला साक्षीदार करू नये. पुढे संशयाला जागा राहते.

जुन्या कागदावर खाडाखोड करून भागत नाही. कलम ७१ प्रमाणे, त्या बदलापाशी करणाऱ्याची आणि साक्षीदारांची सही नसेल तर तो बदल गैरलागू ठरतो. तोंडी शब्दाला तर येथे किंमतच नाही.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी. जुने नोंदलेले असले तरी नंतरचे रीतसर मृत्युपत्रच चालते. म्हणून तारीख ठळक घालावी. जमिनीच्या सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' असेल, तर तो आधी वकिलाला दाखवावा.

आमचे कार्यकर्ते जयंतीच्या मंडपात समतेवर तासतासभर बोलतात. त्यांना आमचे एकच विचारणे आहे: तुमच्या स्वतःच्या मृत्युपत्रात लेकीचे नाव आहे काय? नसेल, तर हातपाय धड आहेत आणि बुद्धी शाबूत आहे, तोवरच ते घाला. समतेची सुरुवात आपल्या घरच्या कागदापासून झाली पाहिजे.