कॉल लावणारे आणि शिकार करणारे: काही गैरसमज

जून तोंडावर आला की पनवेलहून नेऱ्याकडे वळणाऱ्या गाड्यांत ट्रेकवाल्यांबरोबर कॅमेरेवालेही दिसू लागतात. नेरे सोडलं की गाढी नदीच्या अंगानं मालडुंगे-धोदाणीपर्यंत माथेरानच्या पायथ्याचं रान लागतं. पावसाच्या आगेमागे या पट्ट्यात नवरंग विणीला येतो, ओढ्याच्या दरडीत तिबोटी खंड्या बीळ कोरतो. पिशवीतून लांबलचक लेन्सबरोबर हल्ली मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकरही निघतो. मोबाइलमधली नवरंगाची शीळ त्यावर लावायची आणि पक्षी फांदीवर येण्याची वाट पाहायची. पक्षीनिरीक्षकांच्या बोलीत याला ‘कॉल लावणं’ म्हणतात.

तंत्र मुळात शिकाऱ्यांचं. अमेरिकेत एल्क या थोराड हरणाचे नर सप्टेंबर-ऑक्टोबरात माजावर येतात, तेव्हा त्यांना हाक देऊन टप्प्यात आणण्याच्या साधनांचा तिकडे मोठा बाजार आहे. टाळूला लावून फुंकायचा पातळ पडदा, नराची आरोळी घुमवणारी लांब नळी, मादीचा बारीक आवाज काढणारी शिट्टी. एल्क आपल्याकडे नाही. पण ‘साधन चांगलं घ्या, जनावर आपोआप येतं’ ही समजूत समुद्र ओलांडून आली आहे, आणि तिच्या पोटात आणखी चार समजुती आहेत.

पहिली समजूत अशी, की आपल्याच जातीचा आवाज ऐकून पक्ष्याला बरं वाटतं आणि तो भेटायला येतो. विणीच्या काळात नर गातो तो मादीला बोलावायला, आणि तितकाच दुसऱ्या नराला हद्दीबाहेर ठेवायला. स्पीकरमधली शीळ त्याच्या कानी घुसखोराची असते. तो चारा शोधणं, घरटं राखणं टाकून हाकलायला धावतो, समोर कोणीच सापडत नाही, आवाज तर चालूच. शेपटी उडवत, मान ताणत तो फांद्या बदलत राहतो. फोटोखाली आपण लिहितो, ‘छान पोज दिली’. पोज कसली, तो भांडायला आलेला असतो. या धावपळीत तो उघड्यावर येतो, आणि रानात त्याच्यावर नजर ठेवणारे शिक्र्यासारखे इतरही असतातच.

नुकसान तेवढ्यावर थांबतं का? कॅनडातल्या संशोधकांनी चिकडी नावाच्या छोट्या पक्ष्यावर केलेला एक प्रयोग 2002 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. थव्यात वरचढ असलेल्या नरांना ध्वनिमुद्रित आवाजाशी गाण्याच्या झुंजीत हरवण्यात आलं. झुंज काही मिनिटांचीच. पण माद्या ती ऐकत होत्या. पुढे अशा हरलेल्या नरांच्या घरट्यांत दुसऱ्या नरांची पिल्लं निघण्याचं प्रमाण वाढलं. यंत्राशी हरलेल्या पक्ष्याची पत त्याच्या समाजात खरोखरच घसरली होती. हा एका जातीवरचा प्रयोग आहे, त्यावरून नवरंगाबद्दल तसंच विधान करता येणार नाही. तरी ‘दोन मिनिटं आवाज लावला तर काय बिघडतं’ हा प्रश्न त्यानंतर इतक्या सहज विचारता येत नाही.

दुसरी समजूत आवाजाच्या मोठेपणाची: भोंगा जितका दणदणीत आणि महाग, तितका परिणाम जास्त. एल्कचे मुरलेले शिकारी याच्या उलट सांगतील. मोठ्या नराची आक्रमक आरोळी ठोकली, तर दुबळा नर पुढे येण्याऐवजी काढता पाय घेतो, आणि कळप राखणारा नर पुष्कळदा माद्यांना हाकून दूर नेतो. वाऱ्याची दिशा, ऋतू, मधली शांतता यांना ते साधनापेक्षा जास्त मोजतात. शिवाय अमेरिकेतल्या आयडाहो, माँटानासारख्या राज्यांत एल्कच्या शिकारीत विजेवरच्या आवाजयंत्रांना बंदी आहे. तोंडानं फुंका, बॅटरीनं नको. युरोपातल्या 1979 च्या बर्न करारातही शिकारीच्या निषिद्ध साधनांच्या यादीत टेपरेकॉर्डर आहे. जिथे शिकार कायदेशीर आहे, तिथेही ध्वनिमुद्रित आवाज हा अन्याय्य डाव मानला गेला, हे आपल्या स्पीकरवाल्यांनी जरा लक्षात घ्यावं.

‘पूर्वीचे लोकही हाका मारायचेच की’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. मारायचे, खरं आहे. फासेपारध्यांची तित्तराची हाक इतकी हुबेहूब, की रानातला तित्तर ओ देई. पाळलेला तित्तर पिंजऱ्यात ठेवून रानातल्यांना फाशाकडे ओढण्याची रीतही जुनी. कुमाऊँत जिम कॉर्बेटनं 30 नोव्हेंबर 1938 रोजी ठाकच्या नरभक्षक वाघिणीला नुसत्या तोंडानं नर वाघाची साद घालून जवळ आणलं. वाघीण त्या दिवसांत जोडीदार शोधत होती, म्हणून ते जमलं. पण माणसाचा दम संपतो, घसा बसतो. स्पीकरला दम लागत नाही. रविवारी सकाळी एक गट येऊन जातो, त्याच झाडाखाली दुसरा, मग तिसरा, आणि प्रत्येकाला आपण दोनच मिनिटं लावलं असं वाटतं. हिशेब त्या एका पक्ष्याच्या अंगावर जमा होतो. जाता जाता एवढंच: तित्तराला हाक देणाऱ्या पारध्यांच्या जमातीवर इंग्रजांनी 1871 साली सुरू झालेल्या कायद्याखाली जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदेशीररीत्या 1952 साली पुसला गेला, लोकांच्या मनातून अजून गेलेला नाही. तशीच हाक लेन्सवाल्यानं वाजवली की तो पक्षीमित्र.

‘संशोधकही कॉल लावतात’ हे त्यामानानं वजनदार उत्तर आहे. रानपिंगळा हा घुबडाच्या कुळातला पक्षी 1884 नंतर कोणाला खात्रीनं दिसला नव्हता. 113 वर्षांनी, 1997 साली, तो आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला. पुढे मेळघाटासारख्या रानांत त्याची गणती करताना ध्वनिमुद्रित आवाजाचा उपयोग झाला. फरक हेतूत आहे आणि शिस्तीतही. अशा पाहणीत ठरावीक ठिकाणी, ठरावीक वेळ आवाज लावून थांबतात. उत्तर आलं की नोंद करायची आणि आवाज बंद. पक्षी कॅमेऱ्याच्या चौकटीत नीट बसेपर्यंत वाजवत राहण्याची त्यात सोय नाही. रक्षित वनात असं काम वनखात्याच्या परवानगीनंच चालतं.

आता कायदा. ‘दुकानात मिळतं म्हणजे वापरायला हरकत नाही’ आणि ‘आपण बंदूक थोडीच चालवतो’ या दोन्ही समजुती इथे कोसळतात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यातली शिकारीची व्याख्या गोळी घालण्यापुरती नाही. पकडणं, फासे लावणं, हाका करून जनावर उठवणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, सगळं तिच्यात येतं. पक्ष्यांच्या बाबतीत तर अंडी किंवा घरटं यांना त्रास देणं हीसुद्धा व्याख्येनुसार शिकारच. ध्वनिमुद्रित आवाजाचं नाव त्या व्याख्येत नाही, हे मान्य. पण खंड्याच्या बिळासमोर स्पीकर लावून बसणाऱ्यानं त्यावर फार विसंबू नये. अभयारण्यात वन्यप्राण्यांना छेडायला कलम 27 नं वेगळी मनाई आहे, आणि पनवेल तालुक्यातलं कर्नाळा हे तर 1968 पासूनचं पक्षी अभयारण्य. अभयारण्यातल्या शिकारीला शिक्षा किमान 3 वर्षं आणि कमाल 7 वर्षं कैद, शिवाय दंड.

गावकऱ्यांतही एक गैरसमज पक्का आहे. पीक संरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. नासधूस करणाऱ्या रानडुकराबाबतसुद्धा वनखात्याची परवानगी वेगळी काढावी लागते. रानकोंबडा किंवा भेकर यांच्यासाठी ती हौसेखातर मिळतच नाही.

मग नेऱ्याच्या रानात कोणतं साधन न्यावं? एक बरी दुर्बीण, मळकट कपडे आणि सकाळी सहाच्या आधी उठण्याची तयारी. आवाज ओळखायचा असेल तर कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन हे अ‍ॅप फोन नुसता धरूनही पक्षी सांगतं, आणि नमुना ऐकायचाच तर कानात इयरफोन घालून ऐकता येतो. ओढ्याकाठी अर्धा तास गप्प बसलात तर नवरंग स्वतःहून शीळ घालतो. नाहीच दिसला, तर नाही दिसला. घरट्यापाशी स्पीकर घेऊन बसलेली टोळी किंवा रानवाटेवर लावलेला फास दिसला, तर वाद न घालता वनखात्याच्या 1926 या टोल-फ्री क्रमांकावर कळवा.