मथिल्डा : बापाने दाबून ठेवलेली कथा

‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिणाऱ्या मेरी शेलीची ‘मथिल्डा’ ही लघुकादंबरी फारशी कुणी वाचलेली नसते, आणि त्यात वाचकांचा दोष नाही. १८१९ साली लिहायला घेतलेली ही कथा छापून आली ती थेट १९५९ मध्ये.

ही गॉथिक कथा आहे; पण गॉथिक म्हटलं की पडके वाडे, भुयारं, भुतं असा सरंजाम आपण गृहीत धरतो. इथे त्यातलं काही नाही. मथिल्डा जन्मल्यावर काही दिवसांतच आई जाते. दुःखाने वेडापिसा झालेला बाप तान्ह्या लेकीला आत्याच्या हवाली करून देशोधडीला लागतो. पोर स्कॉटलंडमध्ये लॉख लोमंडच्या काठी वाढते, बाप परतेल या आशेवर. सोळा वर्षांनी तो खरंच परततो. सुखाचे काही महिने जातात. मग लंडनच्या घरी एक तरुण येऊ-जाऊ लागतो आणि बापाचं वागणं बदलतं. तो घुमा, तुसडा होतो. यॉर्कशरच्या घरी मथिल्डा त्याच्या खनपटीलाच बसते : तुमच्या मनात आहे तरी काय? तो शेवटी सांगून टाकतो. लेकीवरचं त्याचं प्रेम बापाचं राहिलेलं नाही. या कथेतलं भूत असं भरदिवसा, एका उत्तरातून बाहेर येतं.

बाप चिठ्ठी ठेवून समुद्राकडे निघतो. भर वादळात त्याच्या मागे धावणारी मथिल्डा सोबतच्या नोकराला दूरचा एक ओक दाखवते : पुढची वीज त्या झाडावर पडली नाही, तर बाबा जिवंत आहेत! वीज पडते, झाड राहत नाही. प्रसंग नाटकी आहे खरा, पण स्वतःच घातलेल्या पैजेत माणूस कसा अडकतो, ते मेरीने अचूक पकडलं आहे.

त्यानंतर ती स्वतःच्या मरणाची हूल उठवते आणि इंग्लंडच्या उत्तरेला एका उजाड माळावर राहायला जाते. वुडविल नावाचा कवी तिथे भेटतो. त्याचीही वाग्दत्त वधू गेलेली. तो हळवा आहे, समजूतदार आहे (आणि खरं सांगायचं तर थोडा कंटाळवाणाही). तरी ती त्याला काही सांगू शकत नाही. माझ्या मते तिला एकटं पाडलं ते माळाने नाही, या न सांगता येण्याने. ती अफूच्या अर्काचे दोन पेले भरून ठेवते, एक त्याच्यासाठी. तो नकार देतो. पुढे क्षयाने मरताना ती त्याच्यासाठी सगळं लिहून काढते. तीच ही कादंबरी.

मेरीची आई, मेरी वुलस्टनक्राफ्ट, हीसुद्धा लेकीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत वारली होती. १८१८ च्या सप्टेंबरात व्हेनिसमध्ये मेरीची मुलगी क्लारा गेली, १८१९ च्या जूनमध्ये रोममध्ये मुलगा विल्यम. ऑगस्टमध्ये तिने हे लिखाण सुरू केलं. त्याच उन्हाळ्यात नवरा पर्सी ‘द चेन्ची’ हे नाटक लिहीत होता. त्यातही बापाकडून लेकीवर होणारा अत्याचारच आहे. तेव्हा ‘मथिल्डा’ म्हणजे मेरीची आत्मकथा, असा उतावळा निष्कर्ष काढू नये. विषय घरातल्या टेबलावरच होता.

पण पुढे जे घडलं ते चमत्कारिक आहे. १८२० मध्ये मारिया गिस्बर्न या मैत्रिणीच्या हाती मेरीने हस्तलिखित लंडनला वडिलांकडे, म्हणजे विल्यम गॉडविनकडे, धाडलं. त्यांना विषय किळसवाणा वाटला. त्यांनी ते छापवलं नाही आणि मागूनही परत दिलं नाही. एलिझाबेथ निची या अभ्यासक बाईंनी ते अखेर उजेडात आणलं, तोवर मेरीला जाऊन शंभरहून अधिक वर्षं झाली होती.

१८२२ च्या जुलैत पर्सीची होडी समुद्रात बेपत्ता झाली. त्याची खबर काढायला मेरी गाडीतून पिसा आणि लिव्होर्नोला धावली. पुढे मारियालाच लिहिलेल्या पत्रात तिने कबूल केलं, की या धावाधावीची चाहूल ‘मथिल्डा’त आधीच लागलेली होती.