एसी घ्यावासा कशामुळे वाटतो?

थर्मामीटरवरचा आकडा हे अर्धंच कारण. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तरी तिथली असंख्य घरं कूलरवर निभावतात. हवा कोरडी असल्यामुळे वाळ्याच्या ताटीतलं पाणी झरझर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता शोषून घेतं. मुंबईत मात्र ३४ अंशांनाच जीव नकोसा होतो. दमट हवेत घामसुद्धा वाळत नाही, तिथे कूलर खोलीतला ओलावाच वाढवतो. (विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी वातानुकूलन यंत्रणा आखली, तीही हवेतला दमटपणा आटोक्यात ठेवण्यासाठीच.)

खरा निर्णय होतो तो रात्री. शेवटच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता मध्यरात्र उलटली तरी खोलीत सोडत राहतो. पंखा तीच गरम हवा फिरवतो. डासांमुळे खिडक्या बंद. तान्हं बाळ रडतं, आजींचा डोळा लागत नाही, आणि घरात हप्त्यांचा हिशेब सुरू होतो.

दीड टनी एसी साधारण दीड किलोवॉट वीज ओढतो, म्हणजे ७५ वॉटच्या २० पंख्यांइतकी. म्हणून आधी गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्या आणि पश्चिमेच्या खिडकीला आडोसा करा, तोही बाहेरून. ऊन काचेतून आत आलं की पडदा फारसा उपयोगी पडत नाही. एसी घेतलाच, तर २४ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावा.