'वॉबल' होतंय? नक्की काय ते सांग!

कशेळ्याच्या नाक्यावर कर्जतला कॉलेजला निघालेल्यांच्या गप्पा ऐका. बाईक वॉबल होतेय, रीलमध्ये कॅमेरा वॉबल झालाय, व्हायवाला आवाज वॉबल झाला. जे जे हलतं ते सगळं 'वॉबल'!

इंग्रजीतही हा शब्द भरपूर फिरलाय. टेबल वॉबल होतं, जेली होते, माणसाचा निर्धारही होतो. ब्रिटिश बोलीत 'थ्रो अ वॉबली' म्हणजे अचानक भडकणं. लंडनचा मिलेनियम ब्रिज जून २००० मध्ये खुला झाला आणि चालणाऱ्यांच्या पावलांनी असा डुलायला लागला, की दोनच दिवसांत बंद करावा लागला. दुरुस्ती होऊन २००२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, पण 'वॉबली ब्रिज' हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

खगोलशास्त्रात तर वॉबल म्हणजे पुरावा. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलोझ यांनी एका ताऱ्याचं किंचित मागेपुढे होणं टिपलं. त्यावरून त्याच्याभोवती फिरणारा ग्रह सापडला आणि २०१९ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

म्हणजे काय, कसं हलतंय हे नीट पाहिलं की कारण सापडतं. आणि इथेच आपली मराठी भारी आहे. टेबल डुगडुगतं, कारण एक पाय आखूड असतो. हंड्यातलं पाणी हिंदकळतं, होडी हेलकावे खाते, प्यायलेला झोकांड्या खातो. सरकार डळमळतं. कोटलीगड उतरताना पाय लटपटतात. दात मात्र नुसताच हलतो!

आता व्हायवाचंच घ्या. 'जाम वॉबली वाटतंय' म्हटलं की विषय संपला. मराठीत तिथून प्रश्न सुरू होतात. पाय लटपटतायत? सकाळची गाडी पकडायच्या नादात नाश्ता राहिला असेल, आधी काहीतरी खा. आवाज कापतोय? मैत्रिणीसमोर दोनदा उत्तरं बोलून बघ. की मनच डगमगतंय, हा कोर्स आपला नाहीच असं वाटतंय? मग ते वडापाव खाऊन जाणार नाही. घरी किंवा विश्वासातल्या सरांशी, मॅडमशी बोलायलाच हवं. तीन शब्द, तीन वेगळे उपाय.

'वॉबल' खुशाल वापरा, मजेदार शब्द आहे. फक्त पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "यार, सगळं वॉबल होतंय," तर एवढंच विचारा: डुगडुगतंय, लटपटतंय की डगमगतंय?